बिनतारखेची काळजी

घरची गाडी घ्यायची असली की बोलणं रंगापासून सुरू होतं. धंद्याची गाडी घ्यायची असली की ते सल्ल्यापासून सुरू होतं, आणि सल्ला देणारी माणसं शोधावी लागत नाहीत. ज्यांनी जन्मात सायकलीपलीकडे काही विकत घेतलेलं नाही, तेही जाता जाता ‘डिझेलच्या नादाला लागू नको’ एवढं बजावून जातात. का, ते सांगत नाहीत. तेवढं थांबायला त्यांना वेळ नसतो.

माझा भाचा सांगलीत प्लंबिंगची कामं घेतो. सुरुवातीची सगळी वर्षं त्याचा धंदा एका टीव्हीएस एक्सेलवर चालला. पायापाशी हत्यारांची पेटी, हँडलला दोन्हीकडून पिशव्या, त्यांत एल्बो, टी, युनियन, कपलर एकमेकांत मिसळून गेलेले, आणि मागे हेल्पर. हेल्परच्या खांद्यावर दहा फुटी पाइपांचा जुडगा. विश्रामबागच्या चौकात ही गाडी वळायची तेव्हा पुढचा पुढची वाहतूक थांबवायचा आणि मागचा मागची. एक्सेलनं कधी कुरकुर केली नाही. आमच्या घरात त्या गाडीबद्दल सगळ्यांना आदर आहे. पण पुढे कामं वाढली, हाताखाली पोरं आली, ब्रेकर मशीन आणि प्रेशर पंपासारखी महागडी हत्यारं आली, आणि भर पावसात गोणपाटाखाली झाकून नेलेलं ड्रिल एकदा भिंतीत घालताच धूर सोडून गप्प झालं. तेव्हा चारचाकी घ्यायचं नक्की झालं. नवी घ्यायची की जुनी, एवढंच राहिलं होतं. त्या ‘एवढंच’ला गेल्या वर्षीचा, म्हणजे 2025चा, अख्खा पावसाळा पुरला नाही.

ताई पहिल्यापासून नव्या गाडीच्या बाजूची. “दुसऱ्याच्या कटकटी पैसे मोजून आपल्या दारात कशाला आणायच्या? आपल्या आपल्याला कमी आहेत का?” दाजी नेमके उलट. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. लाखो किलोमीटर पळालेल्या गाड्यांच्या पोटाखाली ज्यांनी उभी नोकरी काढली, त्यांना चाळीस हजार किलोमीटर झालेली गाडी दाखवून ‘जुनी’ म्हटलं की ते त्या माणसाकडेच बघत राहतात. “हिचं इंजिन आत्ता कुठं मोकळं व्हायला लागलंय,” असं म्हणतात. आणि मी मामा. आमच्याकडे मामाचं मत विचारायची पद्धत आहे. पुढचं काही त्या पद्धतीत येत नाही.

तरी माझं मत होतं, आणि अजून आहे. नवी की जुनी हा प्रश्न वरवर गाडीचा दिसतो, पण आहे तो काळजीचा. नव्या गाडीची काळजी तारीख घेऊन येते. पाच तारीख म्हणजे पाच तारीख. त्या दिवशी खात्यात हप्त्याइतके पैसे हवेत, मग बाकीचे दिवस गाडी सकाळी निमूट सुरू होणार. जुन्या गाडीची काळजी बिनतारखेची. ती मंगळवारी येईल, लग्नाच्या दिवशी येईल, नाहीतर चार महिने येणारच नाही आणि मग न येण्याचीच काळजी लागेल. पगारदार माणसाला तारखेची काळजी सोयीची पडते, कारण त्याचं उत्पन्नही तारखेनंच येतं. प्लंबरचं तसं नाही. बिल्डर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात आणि त्यांतली एक सही मुलीकडे पुण्याला गेलेली असते. ज्या घरी रात्री अकराला नळ फुटला म्हणून रडवेला फोन येतो, त्याच घरी सकाळी नळ बंद झाल्यावर ‘एवढे कसे झाले?’ असा प्रश्न येतो. नळ तारीख बघून फुटत नाहीत, पैसे तारीख बघून येत नाहीत, आणि या दोघांच्या मध्ये बँक मात्र पाच तारखेला हजर. मी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “मामा, बरोबर आहे. पण तुम्ही शोरूमला येणार का?”

शोरूममध्ये माणूस गाडी बघायला जातो आणि कोटेशन बघून येतो. गाडीची किंमत पाच लाखांच्या आसपास असते. मग तिच्याखाली एकेक ओळ वाढत जाते. आरटीओ, विमा, ॲक्सेसरीज, आणि ‘हँडलिंग’ नावाचं एक काहीतरी. दाजींनी विचारलं, “हँडलिंग म्हणजे तुम्ही काय करता?” तिथल्या मुलानं पाण्याचा ग्लास पुढे केला. दाजींनी तो घेतला, पण ते नंतर बराच वेळ म्हणत होते, की ते पाणी हँडलिंगमध्येच धरलेलं असणार.

खरी अडचण फुटांची होती. नळाचा मोठा पाइप वीस फुटी येतो. मारुतीची ईको कार्गो या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा फूट. टाटांच्या छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. टपावर कॅरिअर लावून पाइप बांधावेत आणि मागच्या टोकाला लाल फडकं लावावं, ही आपली पूर्वापार चाल. पण 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाला 20 हजारांचा दंड आहे, आणि त्यात फडक्याच्या रंगाचा विचार केलेला नाही. भाच्यानं विचार केला, की वीस फुटी पाइप आणि हजार लिटरच्या टाक्या आजवर दुकानदाराच्या टेम्पोनंच साइटवर येत आल्यात. त्या तशाच येतील. आपल्याला हवी आहे ती कुलूप लावता येईल आणि पावसात आतलं कोरडं राहील अशी खोली. तिला चाकं असली म्हणजे झालं. हा त्या पावसाळ्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो कुणाच्याही सल्ल्यानं झालेला नव्हता.

मग हत्ती बाद झाला. दाजींना वाईट वाटलं. टाटांनी 2005 साली पुण्यात ही गाडी आणली तेव्हा तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये कुणी फारसं नव्हतं. दोन सिलिंडरचं एवढंसं इंजिन, पाऊण टन माल, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली तरी मागच्या घरात कळावं. त्या गाडीनं कितीतरी हमालांचे मालक केले, असं दाजी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण तिचा हौदा उघडा, आणि सांगलीत उघड्या हौद्यातलं पितळी फिटिंग रात्रभर जागेवर राहील याची हमी दाजीही देत नाहीत. बंद बॉडीचा हत्तीही मिळतो, पण त्याच्याकडे ताईनं एकदा बघितलं आणि “ही तर कचऱ्याची गाडी” म्हणाली. विषय संपला. मारुतीची ओम्नी 1984 पासून रस्त्यावर होती. पुढे तिच्यातून हिंदी सिनेमातल्या नायिका पळवून नेण्याचंच काम जास्त झालं, आणि 2019मध्ये ती बंद पडली. म्हणजे ओम्नी हवी तर जुनीच, आणि तीही बरीच जुनी. राहता राहिली ईको.

रात्री भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या पाठीमागे हिशेब झाला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत दुधाचा हिशेब कधी चुकत नाही, मग गाडीचा का चुकावा, अशी ताईची श्रद्धा. विमा कंपन्या नुकसानभरपाईसाठी गाडीची किंमत धरतात, त्याचं एक ठरलेलं कोष्टक असतं. शोरूमबाहेर पडल्यावर सहा महिन्यांत 5 टक्के कमी, वर्ष होईतो 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50. पाच लाखांची गाडी तीन वर्षांची होता होता विम्याच्या लेखी साडेतीन लाखांची. हे दीड लाख गेले कुठे? पहिल्या मालकाच्या ‘नवी आहे’ या समाधानात. दाजी म्हणाले, “म्हणजे पेढे त्यानं वाटायचे आणि गाडी आपण चालवायची. यात वाईट काय आहे?”

ताईनं लगेच दुसरी बाजू मांडली. नव्या गाडीला बँक आपणहून कर्ज देते आणि व्याजही कमी; जुनीला व्याज चढं. तेही मांडून बघितलं. नवीसाठी साडेचार लाख, 10 टक्क्यांनी, पाच वर्षं धरले तर हप्ता साडेनऊ हजारांच्या थोडा वर. तीन लाखांच्या जुनीसाठी लाखभर रोख भरून दोन लाख, 15 टक्क्यांनी, तीन वर्षं धरले तर सात हजारांच्या थोडा खाली. दोन्हींत फरक महिना अडीच हजारांच्या वर. आता हे अडीच हजार गॅरेजवाल्याला द्यायचे की बँकेला, एवढाच वाद उरला. ताईचं म्हणणं, बँक निदान हात काळे करून घरात येत नाही.

ताईचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नव्या गाडीला वॉरंटी असते, आणि रविवारी सकाळी गॅरेजच्या दारात उभं राहणं हाही एक खर्चच असतो. तो कुठल्याच कॅलेंडरवर लिहिला जात नाही. त्या दिवशी दोन कामं बुडतात, पोरांची हजेरी मात्र द्यावी लागते.

पण नव्या गाडीचा एक दोष आहे, आणि तो कोटेशनमध्ये नसतो. ताईच्याच गल्लीत एक फर्निचरची कामं घेणारे गृहस्थ आहेत. त्यांनी नवीकोरी बंद व्हॅन घेतली. हौसेनं आत मॅट टाकली, सीटला कव्हर घातलं, कव्हराला ऊन लागू नये म्हणून वरून टॉवेल घातला. पहिल्या आठवड्यात प्लायवुडच्या कोपऱ्यानं आतून एक ओरखडा गेला. तेव्हापासून प्लायवुड भाड्याच्या रिक्षा टेम्पोतून जातं आणि गृहस्थ व्हॅनमधून त्याच्या मागे जातात. संध्याकाळी व्हॅन धुतली जाते, तिच्यावर ताडपत्री पडते. एकूण बघता त्या घरात सगळ्यांत आरामात कुणी असेल तर ती व्हॅन आहे. प्लंबरच्या गाडीत गंजक्या जीआय पाइपाचे तुकडे फेकता आले पाहिजेत, सांडलेलं सॉल्व्हंट बघून जीव वरखाली होता कामा नये. पहिला ओरखडा दुसऱ्या कुणी आधीच पाडून ठेवलेला असला तर ते त्याचे उपकारच समजावेत.

शिवाय गिऱ्हाईक. दारात नवी गाडी दिसली की ते कौतुक करतं आणि त्याच दमात अंदाजपत्रकातले पाचशे कमी करायला सांगतं. गाडी घेण्याइतके पैसे आहेत म्हणजे ते आमच्याच खिशातून गेले असणार, असा त्याचा हिशेब. खटारा दिसला तर ते काही बोलत नाही, पण दुसऱ्या प्लंबरचा नंबर शोधून ठेवतं. गाडी अशी हवी, की तिच्याकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. अशी गाडी शोरूममध्ये मिळत नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र भाषा निराळी. इथली प्रत्येक गाडी ‘सिंगल हँड’ असते, प्रत्येकीचा आधीचा मालक डॉक्टर किंवा निवृत्त शिक्षक असतो, आणि एकीचंही इंजिन कधी खोललेलं नसतं. मालवाहू व्हॅन डॉक्टर कशासाठी वापरत होते, हे एजंटाला विचारू नये. त्याचं मन दुखावतं. ‘पार्टी अर्जंट आहे’ असंही तो सांगतो. पार्टीला अर्जंट काय झालंय ते सांगत नाही. खरं तर तेवढंच कळून घ्यायचं असतं.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतभीत मधला भाव देतो. त्या भावाला चांगली गाडी कुणी विकत नाही. मग बाजारात उरतात त्या वाईटच. आधी काही नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता. पुढे 2001मध्ये अकरलॉफना आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी हे दाजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “यात त्यांनी नवीन काय सांगितलं?” मी म्हटलं, गणितानं सिद्ध केलं. “मग बरोबर आहे,” दाजी म्हणाले, “आमच्या मिस्त्रींना गणित येत नाही.”

मिस्त्री मिरजेचे. त्यांची पहिली अट, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. आले की ते मालकाला नमस्कार करायच्या आधी बॉनेटला हात लावत, आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मग सीट उचलून तिथंही. इंजिन गरम लागलं तर चहासुद्धा न घेता परत. थंडीत कशी उठते ते लपवायलाच सकाळी तापवून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. मीटरकडे ते बघत नाहीत, क्लचच्या पेडलचं रबर बघतात. मीटर तीस हजार सांगतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते उघड आहे. खिशातलं छोटं चुंबक दारावर फिरवतात. जिथं ते खाली पडतं तिथं पत्र्याऐवजी पुटी आहे, म्हणजे तिथं काहीतरी घडलंय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतात आणि तिथून धूर आला तर झाकण हळूच परत लावतात. बोलत काहीच नाहीत. “चला” एवढंच म्हणतात.

आणि सांगलीत शेवटची परीक्षा पुराची. इथं गाडी कोणत्या सालची हे मायलेजसाठी विचारत नाहीत. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती; तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. मारुती चौक पाण्याखाली होता. 2021च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे धुऊन, रंगवून, अत्तराच्या बाटल्या टांगून बाजारात आल्या, काही इथं, काही लांबच्या जिल्ह्यांत. अत्तराचा वास फार येत असेल तर मिस्त्री सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतात. गाडी कितीही धुतली तरी बेल्टचं आतलं टोक कुणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ राहते. अशी एक रेघ आम्ही बघितली. एजंट म्हणाला, चहा सांडला असेल. चहा सीटबेल्टच्या आत जायला किती उंच उभा राहावा लागेल, याचा विचार करत आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी भाच्यानं ठरवलं, 2021च्या जुलैनंतर पासिंग झालेलीच गाडी बघायची.

जुन्या गाड्या बघत हिंडणं हा एरवी करमणुकीचा उद्योग आहे. मागचं दार उघडलं की आधीचा धंदा नाकाला कळतो. एकीत रत्नागिरीची मासळी होती. ती सगळ्या खिडक्या उघडूनही खाली उतरायला तयार नव्हती. एकीच्या फटींतून मांडवाच्या झालरीची जर आणि अक्षता निघाल्या. एक फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली होती. गाडी चांगली, किंमत तर बाजारापेक्षा बरीच कमी. मागच्या काचेवर दोन मुलांची नावं रंगवलेली, थोरल्याचं मोठं, धाकट्याचं त्याखाली. हप्ते थकले की गाडी उचलतात. नावं उचलत नाहीत. भाच्यानं ती चालवून बघितली, परत आणून लावली, आणि क्लच बरोबर वाटत नाही म्हणाला. मिस्त्रींनी क्लच बघितला होता. उत्तम होता. कुणी काही बोललं नाही.

गाडी का विकताय, याची उत्तरं शेवटी दोनच असतात. एक, धंदा वाढला आणि गाडी लहान पडली. दोन, धंदा बसला. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत वाईट काही नसतं, पण पडत्या काळात माणूस आधी गाडीचं सर्व्हिसिंग थांबवतो. पोरांची फी नंतर. म्हणून गाडीइतकाच मालकही बघावा. बिनतारखेच्या काळजीला थोडीफार तारीख लावायची तर एवढा एकच मार्ग मला दिसतो.

अशी धंदा वाढलेल्या माणसाची गाडी भाच्याला सप्टेंबरमध्ये सापडली. बेकरीवाला. 2022चं पासिंग, कंपनीचं सीएनजी, खारी आणि बटरचा वास. त्याला तासगाव रस्त्यावरची नवी दुकानं मिळाली होती आणि मोठी गाडी घ्यायची होती. पण तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. पितृपक्षात वाहन घेत नाहीत. ताईनं जुन्या गाडीला होकार दिला तोच मुळी ‘घटस्थापनेनंतर’ या अटीवर. आणि त्या वर्षी पितरांना सरकारही सामील झालेलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर झालं, की 22 तारखेपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर येणार. 21 तारखेला सर्वपित्री अमावास्या, 22ला घटस्थापना. त्या पंधरवड्यात श्रद्धाळू आणि हिशेबी दोघेही एकाच वेळी हात आखडून बसले होते. हे दृश्य आपल्याकडे क्वचितच दिसतं.

नवी गाडी स्वस्त होणार म्हटल्यावर जुनीचा भाव आपोआप खाली यायला हवा, हे भाच्यानं बेकरीवाल्याला समजावलं. बेकरीवाल्याला ते आधीच समजलेलं होतं, कारण तोही नवी घ्यायला थांबला होता. एका हातानं त्याला सूट मिळणार होती आणि दुसऱ्या हातानं द्यावी लागणार होती. त्यात सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांनी करावी लागणारी हायड्रो टेस्ट तोंडावर आलेली; तिचेही पैसे दाजींनी भावातून वजा करून घेतले. ताईनं वर दोन किलो खारी मागितली. ती मिळाली.

कागद नीट झाले, कारण ते दाजींनी केले. फॉर्म 29, फॉर्म 30, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. जुनी चलनं भरलेली आहेत का ते बघितलं. एक निघालं, ते बेकरीवाल्यानं भरलं. सह्या केलेले नाव-बदलाचे टीटी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणारे लोक आहेत. त्यांना वाटतं, आरटीओचा हेलपाटा वाचला. पण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर गाडी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट सांगितलंय. म्हणजे घाई विकणाऱ्यालाच असायला हवी. बेकरीवाल्याला होती. हेही त्याच्याबद्दल चांगलंच.

खंडेनवमीला पाइप रेंच, डाय सेट आणि ड्रिल यांच्या ओळीत गाडीही उभी राहिली. चाकाखाली लिंबू फुटलं. गाडी नवी की जुनी हा वाद ताईनं झेंडूची माळ घालताना एका वाक्यात मिटवला, “आपल्याकडे आली ती आजच ना?” एक्सेल शेजारीच होती. तिलाही माळ मिळाली. कार्गोत दोनच माणसं बसतात, त्यामुळे पोरं अजून तिच्यावरूनच साइटवर जातात.

रंगवायचं तेवढं राहिलं. दसरा-दिवाळीत पेंटर मिळत नाहीत, नंतर मिळतात तेव्हा भाच्याला वेळ नसतो. त्यामुळे गाडीच्या दोन्ही बाजूंना अजून पावाची लादी रंगवलेली आहे आणि खाली बेकरीचा फोन नंबर. सकाळी सातला तो कुणाच्या दारात गाडी लावून टाकीचं काम बघायला वर चढतो आणि खाली दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उभ्या राहतात. आता उलटंही सुरू झालंय. ही गाडी ज्या ज्या अपार्टमेंटखाली दिवसभर उभी असते तिथले लोक तिच्यावरचा नंबर टिपून घेतात, आणि फ्लश गळतोय, मोटर पाणी ओढत नाही, असे फोन बेकरीवाल्याला जातात. पहिल्यांदा तो वैतागला. मग त्यानं पत्ते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि आता तो रोज संध्याकाळी ते भाच्याला कळवतो. बदल्यात बेकरीच्या मागच्या मोरीचं काम फुकट झालं. पेंटर परवा येऊन विचारून गेला, गाडी कधी आणताय. भाचा म्हणाला, एवढ्यात नको.